देवयानीचं पान

कादंबरी वाचून संपली की आपण काय करतो? पुस्तक मिटतो, 'छान होती हो' म्हणतो आणि कुकर लावायला उठतो. आठ दिवसांनी कुणी विचारलं, 'कशी होती गं त्यातली नायिका?' तर आपलं उत्तर तयार असतं. 'बिचारी होती.' नाहीतर 'भारी कजाग होती.' तीनशे-चारशे पानं वाचली, दुपारची झोप मोडली, डोळे दुखवून घेतले आणि हाती उरला एक शब्द!

मैत्रिणींनो, आज मी तुम्हाला एका वहीबद्दल सांगणार आहे. ही वही कवितेची नाही, पाककृतींची नाही, सुविचारांचीही नाही. कादंबरी वाचताना शेजारी ठेवायची साधी दोनशे पानी वही. त्यात कथानक उतरवायचं नाही. त्यात फक्त माणसं उतरवायची. कादंबरीतलं एकेक पात्र घ्यायचं आणि ते आपल्याला खरोखर कसं कळत गेलं, ते तारीख घालून लिहायचं. बस्स, एवढंच. पण हे 'एवढंच' केल्यावर काय काय होतं, ते गेली तीन वर्षं आमच्या बचत गटात मी बघते आहे.

बी. ए.ला माझं मराठी होतं. परीक्षेत हमखास प्रश्न यायचा, 'अमुक व्यक्तिरेखेचे स्वभावचित्रण करा.' गाईडमध्ये उत्तर छापलेलंच असायचं. मुद्दा पहिला, रूपवान. मुद्दा दुसरा, स्वाभिमानी. मुद्दा तिसरा, त्यागी. पाठ करायचं, पेपरात उतरवायचं, दहापैकी सात गुण घ्यायचे. त्या सात गुणांत माझं स्वतःचं मत कुठंच नसायचं आणि ते कुणी मागितलंही नव्हतं. लग्नानंतर तर विचारायलाच नको. भाजी कुठली करू, एवढंच आपल्याला विचारलं जातं आणि तेही ठरवणारे दुसरेच असतात.

त्याच अभ्यासात एक गोष्ट मात्र चांगली वाचली होती. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाचं कादंबरीविषयीचं पुस्तक १९२७ साली आलं. त्यात त्यानं पात्रांचे दोन प्रकार सांगितले, सपाट आणि गोलाकार. सपाट पात्र एका वाक्यात सांगून संपतं. गोलाकार पात्र आपल्याला चकित करतं आणि तरीही ते आपल्याला पटतं. वर्गात वाटलं होतं, ही लेखकाची करामत. आता वाटतं, निम्मी करामत वाचणाऱ्याचीही असते. लेखकानं गोल घडवलेलं माणूस आपणच घाईघाईत लाटून सपाट करतो. पोळीसारखं!

आमचा गट नऊजणींचा. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी हप्ते गोळा होतात, हिशेब होतो. त्यानंतरचा एक तास वाचनाचा. नगर वाचनालयातून दोन प्रती आणतो. ज्यांना वाचायला जमतं त्या घरी वाचून येतात, ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी कुणीतरी मोठ्यानं वाचतं. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीची रेघही मारायची नाही, हा नियम. म्हणून वही आली. पहिली कादंबरी निवडली वि. स. खांडेकरांची 'ययाति'. १९५९ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी. पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला, मराठीला मिळालेलं ते पहिलं ज्ञानपीठ. बहुतेकींनी नाव ऐकलेलं होतं, दोघींनी कॉलेजात वाचलेलीही होती.

'ययाति' निवडायला कारण होतं. ही कादंबरी तिघंजण सांगतात. राजा ययाति, त्याची राणी देवयानी आणि राजकन्या असून देवयानीची दासी झालेली शर्मिष्ठा. तिघंही 'मी' म्हणून बोलतात. एकच घर, एकच संसार, पण सांगणारी तोंडं तीन. पात्रांचा अभ्यास करायला याहून सोयीचं पुस्तक कुठलं?

आता वही कशी आखायची ते सांगते. पहिल्या पानावर वंशावळ किंवा नात्यांची आकृती काढायची. कोण कुणाचं कोण, हे एकदा लिहून ठेवलं की मागे वळून शोधावं लागत नाही. मग प्रत्येक मुख्य पात्राला सहा-सहा पानं सोडायची. डाव्या पानावर घडलं ते लिहायचं, पुस्तकाच्या पान क्रमांकासह. उजव्या पानावर आपल्याला वाटलं ते. डाव्या पानावर मत घालायचं नाही, हे पथ्य कडक. 'देवयानी रागावली' हे डावीकडे. 'देवयानीला रागावायला काय झालं' हे उजवीकडे.

लिहिताना चार प्रश्न समोर ठेवायचे. ही व्यक्ती काय बोलते? प्रत्यक्ष काय करते? दुसरे तिच्याबद्दल काय म्हणतात आणि म्हणणारा कोण? आणि चौथा प्रश्न, ती कशाबद्दल गप्प राहते? हा चौथा प्रश्न सगळ्यात अवघड, पण आपल्या बायकांना तो सगळ्यात लवकर जमतो. गप्प बसण्याची भाषा आपल्याला शिकवावी लागत नाही.

शेवटचा नियम असा. पन्नासेक पानं झाली की पहिलं मत लिहायचं, निम्मं पुस्तक झालं की दुसरं, संपल्यावर तिसरं. आधीचं मत खोडायचं नाही. मत बदललं तरी जुनं तिथंच राहू द्यायचं, तारखेसकट. प्रस्तावना आणि मागचं विवेचन असेल तर ते तिसऱ्या मतानंतरच वाचायचं. नाहीतर पुन्हा गाईडचीच सवय!

पहिल्या मताच्या शनिवारी वह्या उघडल्या. देवयानीच्या पानावर जवळजवळ सगळ्यांचे शब्द सारखे होते. गर्विष्ठ. हट्टी. कजाग. नवऱ्याला सुख न देणारी. शर्मिष्ठेच्या पानावर सोशिक, प्रेमळ, त्यागी, बिचारी. जणू नऊजणींनी एकच वही उतरवली होती.

मग मी त्यांना एक काम दिलं. प्रत्येक विशेषणापुढे लिहा, हे तुम्हाला कुणी सांगितलं? ययाति म्हणाला, शर्मिष्ठा म्हणाली, की देवयानीच्या हातून तसं काही घडलेलं तुम्ही स्वतः वाचलं? 'विशेषण' आणि 'देणारा' असे दोन रकाने पाडा.

मंडळी शांतपणे पानं उलटू लागली. अर्ध्या तासानं एक जण म्हणाली, "ताई, 'नवऱ्याला सुख न देणारी' हे तर नवराच सांगतोय!" सगळ्या हसल्या, पण मुद्दा जागच्या जागी बसला. देवयानीबद्दल आपण जे ठरवलं होतं, त्यातलं बरंच ययातीच्या तोंडून आलेलं. आणि ययाति कसा आहे, हे मात्र त्याच्या पानावर अजून कुणी नीट लिहिलेलंच नव्हतं.

त्यानंतर देवयानीची डावी बाजू आम्ही एकत्र भरली. शुक्राचार्यांची लाडाची मुलगी. कचावर जीव जडला आणि त्यानं नाकारलं. महाभारतात कच म्हणतो, 'मी तुझ्या वडिलांच्या पोटातून बाहेर आलो, म्हणजे तू मला बहीण.' ती शाप देते आणि कचाकडूनही उलट शाप येतो, तुला ऋषिपुत्र वर मिळणार नाही. मग शर्मिष्ठेशी वस्त्रांवरून भांडण, विहिरीत पडणं, ययातीनं हात धरून वर काढणं आणि ज्यानं हात धरला त्याच्याशीच लग्न. राजवाड्यात पाऊल टाकलं ते मनात हे सगळं घेऊन.

आणि मग ती पहिली रात्र येते. ययाति मद्य घेऊन आलेला असतो, त्या वासानं देवयानी बिथरते. ज्या मद्यातून कचाची राख शुक्राचार्यांच्या पोटात गेली, ज्यामुळे संजीवनी विद्या हातातून गेली, त्या मद्याचा तिला तिटकारा आहे. ती नवऱ्याला शपथ घालते. ययातीला वाटतं, काय ही बाई, पहिल्याच रात्री रसभंग केला! पहिल्या वाचनात आमच्याही काही जणींना तसंच वाटलं होतं. एकीनं उजव्या पानावर लिहिलं होतं, 'त्या दिवशी तरी गप्प बसायचं.'

त्या प्रसंगावर चर्चा चालू होती. आमच्यातली सगळ्यात धाकटी, पंचविशीतली, सहसा बोलत नाही. त्या दिवशीही बोलली नाही. पण पुढच्या शनिवारी तिनं वही माझ्या हातात दिली आणि चहाची भांडी विसळायला निघून गेली. देवयानीच्या पानावर उजवीकडे दोनच ओळी होत्या. 'शपथ घातली. बरं केलं.' आणि खाली, जरा जागा सोडून, 'पण शपथ घालूनही तो पितच राहिला तर तिनं काय करायचं?'

हा प्रश्न फक्त देवयानीबद्दलचा नव्हता, हे कळायला मला वेळ लागला नाही. गेली पंधरा वर्षं मी घरोघरच्या तक्रारी ऐकते आहे. 'नवरा पितो' हे दोन शब्द तोंडातून काढायला बायकांना कधी कधी दहा वर्षं लागतात. माहेरची अब्रू, सासरची अब्रू, मुलांचं पुढचं. या मुलीनं ते देवयानीच्या नावावर लिहिलं होतं. दुसऱ्या बाईच्या पानावर लिहायचं म्हणून तिचा हात धजावला.

पुढे चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. ती माझ्याशी बोलली. मग दोघी मिळून तिच्या मोठ्या दिरांशी बोललो. नवरा व्यसनमुक्तीच्या समुपदेशनाला दोनदा आला, तिसऱ्यांदा आला नाही. पण ती स्वतः अजून जाते. शिलाईचं मशीन तिनं गटाच्या कर्जातून घेतलं आहे. आणि 'पुढं काय' याचं उत्तर तिच्याच वहीत तिच्याच अक्षरात हळूहळू लिहिलं जातंय.

तेव्हापासून आमच्याकडे एक पक्का नियम झाला. कुणाचीही वही तिनं हातात दिल्याशिवाय उघडायची नाही. घरी वही ठेवायची पंचाईत असतेच. 'काय लिहितेस एवढं?' हा प्रश्न येतोच. एकीनं झकास युक्ती काढली. किराण्याच्या हिशेबाची वही घेतली. पुढून डाळ-तांदूळ-तेल, मागून देवयानी-शर्मिष्ठा. हिशेबाच्या वहीला घरात कुणी हात लावत नाही, हे तिला चांगलं ठाऊक!

तर आता तुम्ही म्हणाल, म्हणजे देवयानी बरोबर आणि आपण तिला उगाच नावं ठेवली? तसंही नाही बरं का. वही कुणाची वकिली करत नाही. देवयानीच्या डाव्या पानावर हेही आहे की, मैत्रिणीला, एका राजकन्येला, तिनं जन्माची दासी व्हायला लावलं. हा सूड आहे, आणि त्याला दुसरं नाव नाही. शर्मिष्ठेच्या डाव्या पानावर हेही आहे की, भांडणाच्या भरात मैत्रिणीला विहिरीत ढकलून ती निघून गेली. आपली 'सोशिक, बिचारी' शर्मिष्ठा! पुढे राज्यासाठी, बापासाठी ती दासी झाली. अशोकवनात ययातीवर तिचं प्रेम जडलं, ते प्रेम खरं होतं, पण ते देवयानीच्या संसारात जडलं. हे सगळं एकाच बाईचं आहे. एका शब्दात कसं मावणार?

दुसऱ्या मताच्या वेळी एका मावशींनी जे म्हटलं ते मी माझ्याही वहीत लिहून ठेवलं आहे. त्या म्हणाल्या, "म्हंजे बघा, जी सोसते ती आपल्याला चांगली वाटते आणि जी बोलते ती कजाग." साठी ओलांडलेल्या, सातवी शिकलेल्या मावशी. त्यांनी जे सांगितलं ते आमच्या गाईडमध्ये नव्हतं. आणि सोसणारीनं कधी काय केलं होतं, बोलणारीला काय झालं होतं, हे डाव्या पानावर लिहिल्याशिवाय मलाही ते इतकं स्पष्ट दिसलं नसतं.

छोट्या पात्रांसाठीही दोन-दोन पानं ठेवावीत, असं मी आग्रहानं सांगते. 'ययाति'त अलका नावाची दासी आहे. तरुण राजपुत्राच्या सहवासात आलेली. राजमातेला ते खपत नाही आणि अलकेला विष दिलं जातं. कथा पुढे सरकते. आपणही पुढे सरकतो, कारण पुढे देवयानी यायची असते. आमच्यात एक जण दोन घरची धुणीभांडी करते. तिला लिहिता येत नाही, ती ऐकते आणि तिचं मत शेजारची लिहून घेते. अलकेच्या पानावर तिनं लिहायला सांगितलं ते असं, "समदे आपापलं सांगत्यात. राजा सांगतो, राणी सांगते, शर्मिष्ठा सांगते. ह्या पोरीचं कोन सांगनार?"

खरंच की! तिघांना बोलायची पाळी मिळाली, अलकेला मिळाली नाही. कादंबरीत कुणाला 'मी' म्हणता येतं आणि कुणाला नाही, हा मोठमोठ्या समीक्षकांचा प्रश्न. तो आमच्या गटात अशा बाईनं विचारला, जिला घराघरांत 'अगं ए' म्हणून हाक मारतात. त्या दिवसापासून प्रत्येक पुस्तकाला आम्ही एक पान जादा ठेवतो. वर लिहितो, 'ज्यांना बोलायला मिळालं नाही.'

'ययाति'नंतर आम्ही शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' घेतलं. १९६७ सालचं. त्यात तर सहा जण बोलतात. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण. सहा रंगांची पेनं आणली होती, जो बोलेल त्याच्या रंगानं लिहायचं. कर्णाच्या पानावर सहाही रंग आले तेव्हा मजा वाटली. मग हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो'. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती. ती यमू स्वतः सांगते. तिथे वेगळा प्रश्न आला. सगळं एकाच तोंडून ऐकतोय, मग सासरच्या माणसांची बाजू कुठून कळणार? एकीनं लिहिलं, 'यमू लहानपणीचं सांगते तेव्हा ती कुणालाच पूर्ण वाईट म्हणत नाही, म्हणून पुढचं तिचं खरं वाटतं.' सांगणाऱ्यावर विश्वास का ठेवायचा, याचं इतकं नेमकं कारण मला बी. ए.लाही सांगता आलं नसतं.

या वहीचा उपयोग पुस्तकापुरताच राहत नाही, हे मला माझ्या कामात रोज दिसतं. घरगुती भांडणं मिटवायला बसते तेव्हा सासू म्हणते, 'सून उद्धट आहे.' सून म्हणते, 'सासू छळते.' पूर्वी मी लगेच समजुतीच्या गोष्टी सुरू करायची. आता आधी डावं पान. उद्धट म्हणजे काय म्हणाली? कोणत्या दिवशी? त्याआधी काय झालं होतं? कुणी पाहिलं, कुणी नुसतं ऐकलं? आणि या खोलीत आत्ता कोण गप्प बसलंय? बहुतेक वेळा गप्प बसलेला असतो तो नवरा आणि निम्मी गोष्ट त्याच्याकडे असते. विशेषण बाजूला ठेवलं की घटना समोर येते. घटनेवर तोडगा निघू शकतो, विशेषणावर निघत नाही.

गल्लीतल्या गप्पांमध्येही फरक पडलाय. कुणी म्हणालं, 'ती पाटलांची सून फार आगाऊ आहे हं,' तर आमच्यातली एखादी हमखास विचारते, 'देणारा कोण?' इतरांना कळत नाही, आम्हाला मात्र हसू येतं.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर मोठा घाट घालू नका. नऊजणी नकोत, एकटीनंही जमतं. पुस्तक असं घ्या की ज्यात माणसं पाच-सहाच ठळक आहेत. रोज दहा पानं वाचा आणि दोन ओळी लिहा. शुद्धलेखनाची काळजी नको, ही वही कुणी तपासणार नाही. लेखकाची वाक्यं उतरवत बसू नका, हात दुखतो आणि आपलं मत मागे पडतं. मालिका बघता बघता लिहिणार असाल तर मात्र नकोच, कारण तिथं पार्श्वसंगीतच सांगून टाकतं की कजाग कोण! मैत्रीण सोबत असेल तर दोघींनी एकच पुस्तक वेगवेगळ्या वह्यांत लिहावं आणि संपल्यावर अदलाबदल करावी. जिथं दोघींची मतं जुळत नाहीत, तिथं पुस्तक पुन्हा उघडावं. भांडण झालं तरी चालेल, पान क्रमांक देऊन भांडावं.

परवा आमच्या धाकटीनं देवयानीबद्दलचं तिसरं मत लिहिलं. तीन वर्षांपूर्वी संपलेल्या कादंबरीवर! मी म्हटलं, "एवढा उशीर?" तर म्हणाली, "ताई, तेव्हा कळलं नव्हतं." तिच्या परवानगीनं ते इथं देते. 'देवयानी चुकली. पण ती कजाग नव्हती. तिला जे नको होतं ते तिनं नको म्हटलं.'

पहिलं मत वरच्या बाजूला तसंच आहे, न खोडलेलं. 'गर्विष्ठ बाई.' दोन्हींच्या खाली तारीख आहे आणि दोन्हींमधलं अक्षर एकाच हाताचं आहे.